दोन सरकारी सर्वेक्षणांचे आकडे जुळत नाहीत? काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचे

साक्षरता, बेरोजगारी, कुपोषण, शौचालये, दरडोई खर्च... यांपैकी कशाचाही तक्ता करायला घ्या. दुसऱ्या स्रोतातला आकडा शेजारी आला की तो पहिल्याशी भांडतो. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, जिल्हा परिषदेत आराखडा करणारे कर्मचारी, संस्थांचे कार्यकर्ते, पत्रकार, सगळ्यांचे घोडे इथेच अडते. पहिला प्रश्न असतो, 'यातला खरा कुठला?' बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. वेगळ्या माणसांना, वेगळ्या काळाबद्दल, वेगळ्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरे असतात. दोन्ही आकडे एका व्याख्येवर आणणे हे आपले काम. ते जमत नसेल तर ते एका तक्त्यात छापायचे नाहीत.

खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या चार फुकट आहेत आणि अर्ध्या दिवसात होतात. बहुतांश भांडणे तिथेच मिटतात, म्हणून क्रम मोडू नका.

लक्षणे

- एकाच विषयाचे, जवळपास एकाच वर्षाचे दोन सरकारी आकडे ५ ते २० टक्के-बिंदूंनी वेगळे दिसतात.
- एकाच सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांत आकडा अचानक उडी मारतो किंवा दिशाच बदलतो.
- एकाच फेरीचा आकडा जुन्या पत्रकात एक आणि नव्या पत्रकात दुसरा.
- जिल्हावार तक्ते जोडले की एखादा जिल्हा गळतो, किंवा एखाद्या जिल्ह्याचा आकडा एकदम निम्म्यावर येतो.
- मूळ नोंदींवरून, म्हणजे युनिट लेव्हल डेटावरून, काढलेली टक्केवारी छापील अहवालाशी जुळत नाही.

शेवटचे लक्षण असेल तर थेट सहाव्या तपासणीकडे जा. बाकीच्यांनी पहिल्यापासून सुरुवात करावी.

१. तळटीप वाचा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या, फॅक्टशीटमध्ये (मुख्य आकड्यांच्या छोट्या पत्रकात) निर्देशकाच्या नावावर बारीक आकडा असतो. त्याची तळटीप दोन्ही फेऱ्यांच्या पत्रकांत शोधा आणि शब्दाला शब्द लावून बघा.

पिण्याच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. एनएफएचएस-४ (२०१५-१६) च्या देशपातळीवरच्या फॅक्टशीटमध्ये सुधारित स्रोताचे पाणी ८९.९ टक्के कुटुंबांना मिळते असे आहे. एनएफएचएस-५ (२०१९-२१) च्या फॅक्टशीटमध्ये त्याच एनएफएचएस-४ च्या रकान्यात ९४.४ छापले आहे आणि नवा आकडा ९५.९ आहे. जुने पत्रक हाती धरून वाढ मोजली तर ती ६ टक्के-बिंदू येते, नवे धरून मोजली तर दीड. तळटीप सांगते की नव्या व्याख्येत टँकर, छोट्या टाकीची गाडी आणि बाटलीबंद पाणी यांनाही सुधारित स्रोत मानले आहे. शिवाय जुन्या पत्रकात 'कुटुंबे' होती, नव्यात 'अशा कुटुंबांत राहणारी लोकसंख्या' आहे. दोन बदल एकदम झाले आहेत आणि दोन्ही आकड्यांच्या खालच्या बारीक अक्षरांत दडलेले आहेत.

यातून एक नियम निघतो: मागच्या फेरीचा आकडा मागच्या पत्रकातून घेऊ नका. नव्या पत्रकात जुन्या फेरीचा रकाना असेल तर तोच घ्या, कारण तो नव्या व्याख्येने पुन्हा काढलेला असतो. त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असेल, तर तुलना करू नका असे प्रकाशक स्वतःच सांगतो आहे. ते ऐका.

याच टप्प्यावर आकडा तात्पुरता की अंतिम तेही बघून घ्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता तात्पुरत्या आकड्यांत ८२.९१ होती, अंतिम आकड्यांत ८२.३४ झाली. आजही कितीतरी लेखांत तात्पुरता आकडाच फिरतो.

२. छेद तपासा

टक्केवारी कोणत्या माणसांची काढली, त्याला आपण छेद म्हणू. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, त्यामुळे इथे वेळ द्या.

साक्षरता हे ठरलेले उदाहरण. जनगणना आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, म्हणजे एनएसएस, ७ वर्षे व त्यावरील सगळे लोक मोजतात. कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते का, हा त्यांचा निकष असतो, आणि उत्तर घरातला कोणीही देतो. एनएफएचएसमध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया आणि १५ ते ४९ वयाचे पुरुष येतात. सत्तरीतली निरक्षर आजी जनगणनेच्या छेदात आहे, एनएफएचएसच्या छेदात नाही. १९९१ च्या आधीची जनगणना वापरत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: तेव्हा छेद ५ वर्षांपासून सुरू होत होता.

एनएफएचएसच्या दोन फेऱ्यांतही साक्षरता सरळ जुळत नाही. चौथ्या फेरीत सहावी वा त्याहून जास्त शिकलेल्यांना न विचारता साक्षर धरले आणि बाकीच्यांना कार्डावरचे वाक्य वाचायला दिले. पाचव्या फेरीत ही रेषा नववीवर नेली. म्हणजे सहावी ते आठवी शिकलेल्या स्त्रीला चौथ्या फेरीत आपोआप साक्षर म्हटले, पाचव्या फेरीत मात्र तिला वाचून दाखवावे लागले. इथे दुरुस्ती एकाच दिशेने होऊ शकते. पाचव्या फेरीच्या नोंदींत सहावी वा त्यावरील सगळ्यांना साक्षर धरून टक्केवारी पुन्हा काढली, की ती चौथ्या फेरीच्या व्याख्येवर येते. उलट करता येत नाही, कारण चौथ्या फेरीत त्या स्त्रियांची चाचणीच झालेली नाही. कोणत्याही दोन फेऱ्या जुळवताना हा विचार आधी करा: जास्त माहिती कोणत्या फेरीत आहे? तीच फेरी कमी माहितीच्या फेरीच्या व्याख्येवर उतरवता येते.

छेदाचे आणखी काही ठरलेले सापळे:

कुटुंब की माणूस? शौचालय नसलेली कुटुंबे सरासरीने मोठी असतील, तर 'कुटुंबांची टक्केवारी' आणि 'लोकसंख्येची टक्केवारी' वेगळी येणारच.

कोणत्या स्त्रिया? एनएफएचएस-१ आणि २ मध्ये फक्त विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेल्या स्त्रियांच्या मुलाखती आहेत, तिसऱ्या फेरीपासून सगळ्या स्त्रियांच्या. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न एनएफएचएस-५ मध्ये १८ ते ४९ वयाला विचारले, चौथ्या फेरीत १५ ते ४९ ला. दोन्ही ठिकाणी लहान गटापुरते मर्यादित राहून पुन्हा मोजा.

घरातले कोण? एनएफएचएस-५ मध्ये दर हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया निघाल्या, २०११ च्या जनगणनेत ९४३. एनएफएचएसच्या त्या आकड्यात आदल्या रात्री त्या घरात झोपलेले लोक मोजले जातात. कामासाठी बाहेरगावी असलेला पुरुष त्यात येत नाही. वसतिगृह, बराक, तुरुंग, कामगारांच्या सामूहिक निवासातले लोकही येत नाहीत आणि त्यांत पुरुष जास्त असतात. लोकसंख्येचे लिंग गुणोत्तर हवे असेल तर जनगणनाच घ्या. त्याच्या जोडीला, 'जन्मावेळचे लिंग गुणोत्तर' आणि जनगणनेचे '०-६ वयोगटाचे लिंग गुणोत्तर' हेही दोन वेगळे निर्देशक आहेत. ते एका रेषेवर काढू नका.

प्रवर्ग कसा नोंदला? एनएसएसमध्ये चारच कोड आहेत: अनुसूचित जमाती १, अनुसूचित जाती २, इतर मागास ३, बाकीचे ९. महाराष्ट्र शासनाच्या नोंदींत विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग वेगळे येतात. सर्वेक्षणात कुटुंब सांगेल तेच लिहिले जाते, त्यामुळे भटक्या जमातीचे कुटुंब ३ मध्येही जाऊ शकते, ९ मध्येही. शासकीय नोंदी आणि एनएसएस यांची तुलना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि उरलेले सगळे, एवढ्यावरच थांबवा. त्याहून बारीक गेलात तर तुम्ही प्रवर्ग नव्हे, उत्तर देण्याची सवय मोजत बसाल.

३. काळ तपासा

यात दोन वेगळे काळ असतात. सर्वेक्षक घरी कधी गेला हा एक, आणि प्रश्न कोणत्या काळाबद्दल होता हा दुसरा.

एनएफएचएस-५ वर '२०१९-२१' लिहिलेले असते, पण महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक आणि तेलंगणातले काम पहिल्या टप्प्यात, १७ जून २०१९ ते ३० जानेवारी २०२० या काळात, म्हणजे टाळेबंदीच्या आधी संपले. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तमिळनाडू, उत्तर प्रदेश दुसऱ्या टप्प्यात आहेत आणि तो टप्पा ३० एप्रिल २०२१ पर्यंत चालला. गोंदियाची तुलना शेजारच्या बालाघाट किंवा राजनांदगावशी करताना मधे कोविड येतो, हे तक्त्याखाली लिहायलाच हवे.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, २०२४ पर्यंत जुलै ते जून असे चालत होते. जानेवारी २०२५ पासून नमुना रचना बदलली, मासिक अंदाज सुरू झाले आणि वार्षिक आकडा जानेवारी ते डिसेंबरवर आला. '२०२४' एवढेच लिहिलेला बेरोजगारीचा आकडा वापरू नका, महिने लिहा.

आता प्रश्नातला काळ. पीएलएफएसच्या एकाच अहवालात दोन बेरोजगारी दर असतात. 'नेहमीची स्थिती' मागच्या ३६५ दिवसांवर ठरते आणि वर्षात ३० दिवस वा त्याहून जास्त केलेले दुय्यम कामही त्यात धरले जाते. 'चालू साप्ताहिक स्थिती' मागच्या ७ दिवसांवर ठरते आणि त्या आठवड्यात एका दिवशी एक तास काम केले असले तरी माणूस रोजगारात धरला जातो. जुलै २०२३ ते जून २०२४ साठी १५ वर्षांवरील लोकांचा दर पहिल्या पद्धतीने ३.२ टक्के, दुसऱ्या पद्धतीने ४.९ टक्के. मासिक पत्रकातला दर साप्ताहिक पद्धतीचा असतो. तो जुन्या वार्षिक अहवालातल्या ३.२ शेजारी ठेवून 'बेरोजगारी वाढली' असे लिहिले जाते. ती वाढ नाही, मोजपट्टी बदलली आहे. जनगणनेतला 'मुख्य कामगार' तर तिसराच: वर्षात सहा महिने वा त्याहून जास्त काम केलेला.

वयाचीही खात्री करा. २०१७-१८ चा गाजलेला ६.१ टक्के हा सर्व वयांचा दर आहे. १५ वर्षांवरील लोकांसाठी तो ६.० होतो.

४. भूभाग तपासा

महाराष्ट्रात हा दोष नेहमीच्या दोनच जागी सापडतो: ठाणे-पालघर आणि जिल्ह्यांची नावे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. एनएफएचएस-४ चे काम त्यानंतरचे आहे, तरी त्याने २०११ च्या जनगणनेतले ६४० जिल्हेच धरले, म्हणून त्याच्या 'ठाणे' पत्रकात पालघर आहे. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्राचे ३६ जिल्हे वेगळे आहेत. ठाण्याचा आकडा दोन फेऱ्यांत सुधारलेला दिसला तर आधी विचारा, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू छेदातून गेले म्हणून तर नाही?

उपाय असा की नव्या फेरीतले ठाणे आणि पालघर पुन्हा एकत्र करा. सरळ सरासरी काढू नका. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्यातले ८०,७०,०३२ आजच्या ठाण्यात, २९,९०,११६ पालघरमध्ये. प्रमाण ७३ ला २७. समजा एखादा निर्देशक ठाण्यात २० आणि पालघरमध्ये ४० टक्के आहे. सरळ सरासरी ३० येईल, लोकसंख्येच्या प्रमाणात २५.४ येईल. निर्देशक मुलांचा असेल तर एकूण लोकसंख्येऐवजी ०-६ वयोगटाची लोकसंख्या घ्या, कारण दोन्ही भागांत मुलांचे प्रमाण सारखे नाही. मूळ नोंदी हाताशी असतील तर हा सगळा खटाटोप टाळून दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी भारांकासह, म्हणजे प्रत्येक नोंद किती लोकांच्या वतीने आहे ते धरून, एकत्र मोजा. तेच अधिक बरोबर.

जिल्हे नावावरून कधीही जोडू नका. जनगणनेच्या फाइलींत बीड, बुलढाणा, गोंदिया, रायगड यांची रोमन स्पेलिंगे आपल्या नेहमीच्या स्पेलिंगांपेक्षा वेगळी आहेत. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, रायगड-रायगढ छत्तीसगडमध्येही. त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी नामांतरे झाली आहेत. जनगणना २०११ चा कोड किल्ली म्हणून वापरा. महाराष्ट्राचे कोड नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत सलग आहेत, गोव्याचे ५८५ आणि ५८६. एनएसएसमध्ये कोड राज्यापुरता असतो: ६८व्या फेरीत (२०११-१२) ठाणे २१ आहे, जनगणनेत ५१७. म्हणून दोन कोडांचा जोडतक्ता एकदाच नीट करून ठेवा. कोडचा रकाना एक्सेलमध्ये 'मजकूर' म्हणून उघडा, नाहीतर ०५ चा ५ होतो आणि जोडणी निसटते.

ग्रामीण-शहरी हा छुपा दोष आहे. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेतीत, असे गाव जनगणनेत 'जनगणना नगर' म्हणून शहरी धरले जाते. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच असतो, म्हणून जिल्हा परिषदेच्या नोंदींत ते ग्रामीण राहते. मुंबई-पुण्याभोवतीच्या पट्ट्यात ग्रामीण आकडे जुळत नसतील तर प्रथम हेच बघा.

५. प्रश्न आणि मोजमापाचे साधन तपासा

इथून पुढे अहवालाच्या शेवटी जोडलेली प्रश्नावली आणि क्षेत्रकर्मींच्या सूचना उघडाव्या लागतात. एखादा दिवस जातो, पण याशिवाय मोठ्या उड्यांचे कारण कळत नाही.

खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचे प्रमाण घ्या. एनएफएचएस-३ (२००५-०६) च्या मूळ फॅक्टशीटमध्ये ते ३८.४ टक्के आहे. एनएफएचएस-४ मध्येही ३८.४ टक्के. दहा वर्षांत काहीच सुधारले नाही? पहिला आकडा ३ वर्षांखालच्या मुलांचा आणि जुन्या अमेरिकी संदर्भ-तक्त्यांवर काढलेला आहे. दुसरा ५ वर्षांखालच्या मुलांचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांवर. नव्या मानकावर एनएफएचएस-३ चा आकडा ३ वर्षांखालच्यांसाठी ४४.९ होतो आणि ५ वर्षांखालच्यांसाठी ४८.०. म्हणजे बरोबर जोडी ४८.० आणि ३८.४. जवळपास दहा टक्के-बिंदूंची सुधारणा चुकीची जोडी लावल्यामुळे पूर्ण दिसेनाशी होते. अंगणवाडीत काम करणाऱ्या बायांच्या दहा वर्षांच्या कामाचा हिशेब असा पुसला जाऊ नये.

रक्तक्षय: एनएफएचएस-४ मध्ये ६ ते ५९ महिन्यांच्या ५८.६ टक्के मुलांना, तर २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या सुमारे ४१ टक्के मुलांना. वयोगट थोडा वेगळा आहे, पण मोठे कारण रक्त घेण्याची पद्धत. एकात बोटाला टोचून काढलेला थेंब लहान यंत्रात तपासला, दुसऱ्यात शिरेतले रक्त प्रयोगशाळेत. हे दोन आकडे कोणत्याही गुणाकाराने जुळवू नका.

खर्च: २०११-१२ च्या ६८व्या फेरीत एनएसएसने दोन नमुना-गटांना दोन प्रकारच्या प्रश्नावल्या दिल्या. सगळ्या वस्तूंचा ३० दिवसांचा खर्च विचारला तेव्हा ग्रामीण दरडोई मासिक खर्च सुमारे १,२७९ रुपये निघाला. काही खाद्यवस्तूंसाठी ७ दिवस, क्वचित घेतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी ३६५ दिवस आणि बाकीच्यांसाठी ३० दिवस असे विचारले तेव्हा सुमारे १,४३० रुपये. वर्ष तेच, देश तोच, यंत्रणा तीच, फरक १५१ रुपयांचा. २०२२-२३ च्या ३,७७३ रुपयांशी तुलना करायची तर १,४३० घ्या, कारण नवे सर्वेक्षण मिश्र काळाच्या पद्धतीवर आहे. तरीही २०२२-२३ मध्ये एकाच भेटीऐवजी तीन भेटींत तीन प्रश्नावल्या भरल्या आणि वस्तूंची यादी वाढली, ही टीप तक्त्याखाली हवीच. फुकट मिळालेल्या वस्तूंचे मूल्य धरले की तोच आकडा ३,८६० होतो. कोणता घेतला ते लिहा. आणि अकरा वर्षांची महागाई वजा न करता रुपयांची तुलना करू नका.

प्रशासकीय नोंदींबाबत एवढेच: आरोग्य विभागाच्या मासिक नोंदींतल्या 'दवाखान्यातील प्रसूती' नोंद झालेल्या प्रसूतींच्या प्रमाणात असतात. ज्या प्रसूती नोंदल्याच गेल्या नाहीत त्या छेदात नाहीत, म्हणून तो आकडा सर्वेक्षणापेक्षा चांगला दिसतो. शाळांची माहिती नोंदणाऱ्या यूडायस प्लस प्रणालीत २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली, तेव्हापासूनची पटसंख्या आधीच्या वर्षांना सरळ जोडू नका.

६. नमुना, त्रुटी आणि भारांक

इतके करूनही फरक उरला, तर तो नमुन्यातल्या योगायोगाइतकाच आहे का ते बघा. एनएफएचएसच्या तक्त्यात कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवर आधारलेला असतो, चांदणी म्हणजे २५ पेक्षा कमी नोंदी. कंसातल्या आकड्यावर मथळा करू नका.

जिल्ह्यासाठी हिशेब असा. समजा एका जिल्ह्यात ३०० मुले मोजली, प्रमाण ३५ टक्के आणि वस्त्या निवडून नमुना घेतल्याने त्रुटीचा वर्ग दीडपट. प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यातल्या योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचे माप, सुमारे ३.४ टक्के-बिंदू येते. दोन फेऱ्यांच्या त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ४.८ येईल. त्याला १.९६ ने गुणा, सुमारे ९.४. म्हणजे त्या जिल्ह्यातला पाच-सहा टक्के-बिंदूंचा बदल खात्रीने 'बदल' म्हणता येत नाही. जिल्ह्यांच्या क्रमवारीत वरखाली झालेल्या दहा-बारा जागांचे स्पष्टीकरण बऱ्याचदा एवढेच असते.

मूळ नोंदींवर काम करताना पहिला नियम: नवा आकडा काढण्याआधी छापील अहवालातला एक आकडा दशांशापर्यंत पुन्हा काढून दाखवा. तो जुळत नाही तोवर पुढे जाऊ नका. न जुळण्याची नेहमीची कारणे अशी:

- एनएफएचएसमध्ये भारांक (कुटुंब फाइलीत एचव्ही००५, स्त्रियांच्या फाइलीत व्ही००५) दहा लाखांनी भागायचा असतो. हिंसेच्या प्रश्नांसाठी डी००५ हा वेगळा भारांक आहे, कारण निवडलेल्या घरातल्या एकाच स्त्रीला ते विचारले जातात.
- एनएसएसच्या ६८व्या फेरीत गुणक, म्हणजे तिथला भारांक, दशांशचिन्हाशिवाय साठवलेला आहे. दोन उपनमुन्यांच्या मोजणीचे दोन रकाने समान असतील तर गुणकाला १०० ने, नसतील तर २०० ने भागा. दुसरा नियम विसरला की एकूण लोकसंख्या फुगते. तीच खूण समजा.
- २०२४ पर्यंतच्या पीएलएफएसचा वार्षिक आकडा पहिल्या भेटीच्या फाइलीवर काढलेला असतो, शहरी पुनर्भेटी त्यात मिसळायच्या नाहीत. शिवाय गुणक तिमाह्यांच्या संख्येनेही भागावा लागतो. प्रत्येक फेरीसोबत रीडमी फाइल येते, सूत्र तिच्यातलेच वापरा.
- 'माहीत नाही' आणि रिकामी उत्तरे छेदात ठेवली की काढली, हे अहवालाशी ताडून बघा.
- व्यवसायाचे कोड २००४ चे की २०१५ चे? पहिला अंक सारखा दिसला तरी खालचे गट सरकलेले असतात.

आकडा जुळला की दोन्ही फेऱ्या सामायिक व्याख्येवर पुन्हा मोजा आणि तक्त्यासोबत तुलना-पत्रक जोडा. त्यात प्रत्येक आकड्यापुढे स्रोत व फेरी, क्षेत्रकामाचे महिने, छेद, प्रश्नाचा शब्दशः मजकूर, प्रश्नातला काळ, भूभाग, नोंदींची संख्या, प्रमाण त्रुटी आणि तुम्ही केलेला बदल लिहा. व्याख्या जुळवता आली नाही तिथे आलेखातली रेषा तोडा. दोन बिंदू जोडले की बघणारा त्याचा कल म्हणूनच अर्थ लावणार.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तालुका किंवा गावपातळीचा अंदाज हवा असेल तर थांबा. जिल्ह्यासाठी आखलेल्या नमुन्यातून तालुक्याचा आकडा सरळ काढता येत नाही. त्याला लहान क्षेत्राच्या अंदाजाची प्रतिमाने लागतात आणि ती संख्याशास्त्रज्ञानेच बांधावीत.

केंद्रीय नमुना आणि राज्याचा नमुना एकत्र करायचा असेल तरी थांबा. एनएसएसमध्ये महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय स्वतःचा जोड नमुना घेते. दोन्ही एकत्र करण्याआधी ते एकाच लोकसंख्येतून आल्यासारखे वागतात का याची चाचणी आणि नंतर नवे भारांक, दोन्ही लागतात. फाइली एकाखाली एक चिकटवून हे होत नाही.

खर्चाच्या प्रश्नातला काळ बदललेल्या फेऱ्या जोडून गरिबीची मालिका करायची असेल, तर नक्कीच थांबा. १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत अन्नखर्च ७ आणि ३० दिवस अशा दोन काळांसाठी एकाच घराला विचारला गेला. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला आणि त्या वर्षीच्या गरिबीच्या २६.१ टक्क्यांवर देशातल्या अर्थतज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. तो एका एक्सेल शीटमध्ये सुटणारा प्रश्न नाही. बोटातल्या आणि शिरेतल्या रक्ताचे आकडे जोडण्याचेही तसेच.

आणि ज्या आकड्यावर निधीवाटप, न्यायालयातले प्रतिज्ञापत्र किंवा लाभार्थी वगळण्याचा निर्णय उभा आहे, तो दुसऱ्या जाणकाराने स्वतंत्रपणे काढून पाहिल्याशिवाय पाठवू नका. त्यामागे माणसांचे रेशन आणि पेन्शन असते.

विचारणा कुठे करायची? जिल्ह्याच्या आकड्यांसाठी आधी जिल्हा सांख्यिकी अधिकारी कार्यालयात. 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' तेच काढते आणि कोणता आकडा कोणत्या विभागाकडून आला ते तिथे कळते. एनएफएचएसच्या व्याख्यांसाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. एनएसएस आणि पीएलएफएससाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय, त्याच्या मायक्रोडेटा पोर्टलवर फाइली आणि रीडमी मिळतात. भारांक आणि त्रुटींच्या प्रश्नांसाठी जवळच्या विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग.

विचारताना 'आकडे जुळत नाहीत' एवढेच लिहिले तर उत्तर येत नाही. दोन्ही आकडे, त्यांची पाने आणि तक्ता क्रमांक, तुलना-पत्रक, अहवालातला जो आकडा तुम्ही पुन्हा काढून पाहिला तो आणि तुमची गणनेची फाइल जोडा. वरच्या सहापैकी कोणत्या तपासण्या झाल्या आणि प्रत्येकीनंतर फरक किती उरला, हे ओळीने लिहा.